शंभरात शहाण्णव

मी एक जुना डमी आहे. नर्सिंग कॉलेजच्या प्रॅक्टिकल रूममध्ये पहिल्या खाटेवर जो माणूस वर्षानुवर्षं उताणा पडलेला असतो, जो बरा होत नाही आणि घरीही जात नाही, तो मी. मित्रांनो, मला सुई टोचली तरी मी दचकत नाही, म्हणून माझ्या मनाला काही लागत नाही असा लोकांचा समज आहे. तो साफ चुकीचा आहे. याच खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं, त्याचा धक्का अजून माझ्या रबरी छातीतून उतरलेला नाही. म्हणून आज सगळं सांगून मोकळा होतो.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात रबर ओतून आधी धड केलं, मग डोकं, मग हातपाय. दंडात आणि मांडीत स्पंज भरला, कारण इंजेक्शनं तिथं द्यायची असतात. मनगटातून एक बारीक नळी नेली आणि तिच्या टोकाला फुगा लावला. फुगा दाबला की माझी नाडी लागते. डोळे रंगवणाऱ्या बाईंचं लक्ष मात्र त्या दिवशी भलतीकडेच असावं. माझं एक बुबुळ जरा वर गेलं, आणि तेव्हापासून मी छताकडे बघत कसल्यातरी विचारात पडलेला दिसतो.

कॉलेजात पेटी उघडली तेव्हा दोन मुली किंचाळून मागे सरल्या. तिसरी मात्र जवळ येऊन म्हणाली, "अगं, हे तर थेट माझ्या काकांसारखे दिसतात! तेपण जेवण झालं की असेच छताकडे बघत पडतात." झालं, त्या दिवसापासून मी सगळ्यांचा काका झालो. "काका, जरा कुशीवर वळा हं," "काका, थोडं दुखेल," असं बोलत बोलत मुली माझ्यावर हात बसवायच्या. मला कुशीवर वळवताना खाटेवरून खाली पाडणाऱ्यासुद्धा होत्या. एकीनं तर माझ्या कपाळावर पट्टी बांधता बांधता माझं तोंडच बांधून टाकलं. पण पास होऊन जाताना प्रत्येकजण माझ्या गालावर टिचकी मारून जायची, आणि मी सुखावून जायचो.

या मुलींतलीच एक पुढे इथली मुख्य शिक्षिका झाली. तिनं आयुष्यातलं पहिलं इंजेक्शन मला दिलं होतं, आणि हात इतका थरथरत होता की सुईच वाकली. आज तिला सगळे मोठ्या मॅडम म्हणतात आणि चळाचळा कापतात. मीसुद्धा कापलो असतो, पण आमच्याकडे तशी सोय नाही.

मोठ्या मॅडमचं एकच सांगणं. जे मोजलं तेच बोलायचं, जे दिसलं तेच लिहायचं. एकदा त्यांनी मुलींना माझा ताप बघायला सांगितला. एका हुशार मुलीनं थर्मामीटर लावला, काढला आणि वहीत निरोगी माणसाचं तापमान लिहून मोकळी झाली. मॅडमनी वही बघितली आणि खोली दणाणली.

"अगं, हा रबराचा माणूस! याचं अंग खोलीइतकंच गार असणार. हा आकडा आणलास कुठून?"

"मॅडम, पुस्तकात तोच आहे."

"पुस्तकाला ताप आलाय का? काकांना बघ!"

त्यांची दुसरी सक्ती नावाच्या पट्टीची. रुग्णाच्या मनगटावर नावाची पट्टी असते. औषध देण्याआधी ती वाचायची, ट्रेमधल्या चिठ्ठीशी ताडून बघायची आणि मगच हात पुढे करायचा. परीक्षेच्या दिवशी मोठ्या मॅडम गुपचूप माझी पट्टी बदलायच्या. जी मुलगी न वाचता मला दुसऱ्याचं औषध द्यायची, ती नापास. वर्षात तीन संधी मिळायच्या. तिन्ही हुकल्या की आणखी सहा महिने माझ्या खाटेपाशी, आणि खऱ्या वॉर्डाचं दार तोवर बंद. मुली रडायच्या, घरचे भांडायला यायचे, पण मॅडम कधी बधल्या नाहीत.

आता अनुदानाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं. पूर्वी सरकार आमच्या कॉलेजला पटावरची डोकी मोजून पैसे द्यायचं. जितकी डोकी तितकं अनुदान. मग काय, दहाजणींच्या खोलीत साठजणी कोंबल्या. एकेकीच्या वाट्याला मी अर्धं मिनिट यायचो. काहींची नावं पटावर होती, पण त्यांचं तोंड मी वर्षभर पाहिलं नाही. शिकलं कोण आणि नुसतं बसलं कोण, हे विचारायला कुणी येत नव्हतं. माझ्या मांडीतला स्पंज फाटून बाहेर आला, डावा हात निखळला आणि दोन वर्षं खाटेखाली धूळ खात पडला. शेवटी मला दुसऱ्याच डमीचा हात बसवला. तो माझ्यापेक्षा चांगलाच गोरा आहे. तेव्हा मित्रांनो, जुनं ते सगळं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही.

म्हणूनच नव्या कायद्याची बातमी ऐकून मी मनात खूश झालो. आता डोकी मोजायची नाहीत, असं ठरलं होतं. प्रत्येक कॉलेजनं आणि विद्यापीठानं सरकारसोबत समोरासमोर बसायचं, बोलणी करायची आणि चार वर्षांचा करार करायचा. आम्ही इतकं करून दाखवू, तुम्ही इतकं द्या. सगळ्यात मोठं कलम असं होतं की शंभरातले किती विद्यार्थी ठरलेल्या मुदतीत पास होऊन बाहेर पडतील. तो आकडा गाठला तर पूर्ण अनुदान, हुकला तर त्यातला मोठा हिस्सा बंद. कायद्याच्या तयारीसाठी आमची तुकडी वर्षभर आधीच पंचवीसची केली होती. साठजणींच्या जागी पंचवीस म्हणजे मला तर सुट्टी लागल्यासारखंच वाटलं.

बोलणी करायला अनुदान खात्याचे साहेब आले. मीटिंग हॉलला रंग चालला होता, म्हणून प्राचार्यांनी सगळ्यांना आमच्या खोलीत आणलं. खाटेवर सरकवायचं ते जेवणाचं टेबल असतं ना, ते माझ्या पोटावर ओढून त्यावर कराराचे कागद मांडले. साहेब माझ्या डोक्याशी, प्राचार्य पायांशी, आणि मोठ्या मॅडम मध्ये. साहेबांना सर्दी झाली होती. ते तीनदा शिंकले, तशी मोठ्या मॅडमनी सवयीनं त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाहीये," त्या म्हणाल्या. साहेब लाजून लाल झाले.

प्राचार्य बोलण्यात पटाईत होते. लायब्ररी किती तास उघडी ठेवायची, वसतिगृहाला किती खोल्या, प्रत्येक गोष्टीवर त्यांनी साहेबांना तासभर घोळवलं. मोठ्या मॅडमनासुद्धा त्यांनी बाहेरच पढवून ठेवलं होतं. "तुमच्या विभागाचं विचारलं की ऐंशी म्हणा. ते नव्वद म्हणतील. पंच्याऐंशीवर मिटवून टाकू." हे मला दारातून ऐकू आलं होतं. मॅडमनी मानही हलवली होती. पण तेव्हा त्या खाली वाकून ट्रॉलीचं अडकलेलं चाक बघत होत्या, लक्ष सगळं त्या चाकात.

साहेबांनी पान उलटलं. "नर्सिंग. मुदतीत पास होणारे, शंभरात किती?"

"शहाण्णव," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

साहेबांचं पेन थबकलं. "शहाण्णव?"

"हो. मोजलंय मी."

"मान्य," साहेब म्हणाले आणि आकडा लिहून मोकळे झाले.

प्राचार्यांचा चेहरा चादरीसारखा पांढरा पडला. ते खाकरले. "साहेब, मॅडमना म्हणायचंय की..."

"त्यात म्हणायचं काय, सर?" मॅडमनी त्यांना मध्येच तोडलं. "गेल्या वर्षी पंचविसातल्या चोवीसजणी पास झाल्या. रजिस्टर आणून दाखवू का?" आणि त्यांनी खरंच रजिस्टर आणून दाखवलं. माझ्या पोटावर दोन्हीकडच्या सह्या झाल्या.

साहेब गेले, दार लागलं, आणि प्राचार्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मॅडम, काय करून बसलात! अहो, त्यांनी गेल्या वर्षीचं नाही विचारलं. पुढच्या चार वर्षांचं विचारलं! तुम्ही वचन दिलंत त्यांना!"

"वचन कसलं?" मोठ्या मॅडम खरोखरच गोंधळल्या होत्या. "त्यांनी आकडा विचारला, मी होता तो सांगितला. पुढच्या वर्षीचा ताप आज कसा सांगणार मी?"

आणि मग त्यांना कळलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या. जिनं आयुष्यभर मोजलेलं तेच सांगितलं, तिच्या खऱ्या आकड्याचं सरकारी वचन झालं होतं. शेजारच्या विभागांनी वीस वीस टक्के हातचे राखून आकडे दिले होते आणि ते सगळे निवांत होते. मी छताकडे बघत पडून राहिलो. दुसरं करणार काय?

पंचविसात शहाण्णव टक्के म्हणजे चोवीस. वर्षाला एकच विद्यार्थी मागे राहिलेला चालणार होता. तिसऱ्याच महिन्यात एका मुलीच्या वडिलांची बदली झाली आणि ती गाव सोडून गेली. झाली ती एक जागा खर्च! आता एकही मुलगी नापास होऊन चालणार नव्हतं. आणि झालीच, तर जो हिस्सा बंद होणार होता, त्यातूनच धाकट्या मॅडमचा पगार निघत होता.

धाकट्या मॅडम म्हणजे आमच्या खोलीतल्या दुसऱ्या शिक्षिका. त्याही इथल्याच. शिकत असताना मोठ्या मॅडमनी त्यांना पट्टीपायीच सहा महिने मागे ठेवलं होतं. "माझी आणि काकांची मैत्री दीड पट आहे," असं त्या हसून सांगायच्या. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते, दोन मुलं शाळेत होती, आणि नवऱ्याचं छपाईचं दुकान नुकतंच बसलं होतं. कराराचं त्यांना सगळं माहीत होतं, पण त्या विषयावर कधी अवाक्षर काढत नव्हत्या.

आता त्या वर्षीची एक मुलगी. सगळे तिला घाई म्हणायचे. हात चपळ, बोलणं गोड, आणि चालणं असं की पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये. इंजेक्शन इतकं हलक्या हातानं द्यायची की मला पत्ता लागायचा नाही. पण पट्टी वाचायला थांबेल तर ती घाई कसली! पहिल्या परीक्षेत तिनं मला तीन नंबरच्या खाटेचं औषध दिलं. दुसऱ्या परीक्षेतही तेच. "मॅडम, मी ओळखते ना काकांना, पट्टी कशाला बघायची?" असं म्हणून ती ढसाढसा रडली. शहरातल्या एका दवाखान्यानं तिला नोकरी देऊ केली होती. फक्त पास व्हायचं बाकी होतं.

तिसऱ्या आणि शेवटच्या परीक्षेच्या सकाळी प्राचार्य दारात डोकावले. "मॅडम, जरा समजून घ्या," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

मोठ्या मॅडम आणि मी, दोघंच उरलो. त्यांनी खण उघडला, दुसऱ्या नावाची पट्टी काढली आणि माझं मनगट हातात घेतलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी माझा हात अलगद चादरीवर ठेवला, काढलेली पट्टी परत खणात टाकली आणि खण लावून टाकला. माझी पट्टी तशीच राहिली. आधी मला वाटलं, विसरल्या. पण त्या काही विसरत नाहीत. मित्रांनो, मला कुणी खाटेवरून ढकललं असतं तरी इतका हादरलो नसतो. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, आणि त्याच क्षणी धाकट्या मॅडमची दोन मुलंही डोळ्यांसमोर आली.

घाई आत आली. हात धुतले, हसून म्हणाली, "काका, आज बरं वाटतंय ना?" ट्रेमधलं औषध भरलं, हवा काढली, आणि सुरेख इंजेक्शन दिलं. मनगटाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. औषध बरोबर माणसाला गेलं होतं, कारण पट्टी बदललेलीच नव्हती.

मोठ्या मॅडमनी पेनचं टोपण काढलं आणि रजिस्टरवर हात ठेवला. धाकट्या मॅडम पलीकडच्या खाटेवर चादर घालत होत्या. चादरीचा कोपरा त्यांच्या हातातच राहिला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तिनं पट्टी वाचली नाही."

"पट्टी बरोबरच होती," मोठ्या मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"हो, पण तिला कुठं माहीत होतं?"

घाईचा चेहरा खर्रकन उतरला. ती माझ्या मनगटाकडे बघत होती, जणू ते आत्ताच उगवलं होतं. "मी... नाही वाचली मी," ती म्हणाली.

रुग्णाच्या खाटेवर बसायचं नाही, हा मोठ्या मॅडमचा कडक नियम. त्या दिवशी त्या स्वतःच माझ्या पायांपाशी बसल्या. "मी बदललीच नाही," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुझ्यासाठी नाही गं," हे घाईला, आणि मग धाकट्या मॅडमकडे वळून, "तू काय बोललीस ते कळतंय ना तुला?"

"कळतंय," धाकट्या मॅडम म्हणाल्या. "माझाच पगार जाणार. पण उद्या हिच्या हाताखाली कुणाचे तरी खरे काका असतील ना?"

मोठ्या मॅडमनी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, नापास. मग पेनला टोपण लावलं आणि खाटेवरून उठल्या.

प्राचार्यांनी धावपळ केली. पत्रं लिहिली, गैरसमज झाला होता म्हणून समजावलं. उत्तर आलं की करारावर दोघांच्या सह्या आहेत, फेरविचार दोन वर्षांनी होईल. शेवटी त्या साहेबांनी स्वतः फोन केला. मोठ्या मॅडमनी तो आमच्या खोलीतच घेतला.

"काय म्हणाले?" धाकट्या मॅडमनी विचारलं.

"म्हणाले, मला पंचाहत्तरपर्यंत खाली यायची मुभा होती. तुम्ही ऐंशी म्हणाला असतात तर मी वादसुद्धा घातला नसता." मग त्या म्हणाल्या, "आणि म्हणाले, इतक्या कॉलेजांत फिरलो, खरा आकडा सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच होता."

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. खरं बोलणाऱ्याला शिक्षा, आणि ती त्यालाच सांगायची कौतुक म्हणून! मी रबराचा आहे, पण असलं काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

महिनाअखेरीपर्यंत धाकट्या मॅडमची नोकरी होती. तो अख्खा महिना त्यांनी घाईला सोडलं नाही. रोज सकाळी माझ्या खाटेपाशी दोघी उभ्या.

"मॅडम, माझ्यामुळे तुमची नोकरी चालली आणि तुम्ही मलाच शिकवताय?" घाईनं एकदा रडवेल्या आवाजात विचारलं.

"बडबड नंतर. त्यांचं नाव विचार."

"अहो, काका आहेत ते."

"तुझे काका आहेत. पट्टीवर कोण आहे ते बघ. चल, पुन्हा."

सहा महिन्यांनी घाईची परीक्षा झाली. या वेळी मोठ्या मॅडमनी पट्टी बदलली होती. घाई आली, औषध भरलं, थांबली, माझं मनगट वळवून वाचलं आणि ट्रे खाली ठेवला. "हे औषध यांचं नाही," ती म्हणाली. मोठ्या मॅडमनी पास लिहिलं. सरकारच्या कागदावर मात्र ती उशिरा आलेली, म्हणजे न आल्यातच जमा. आणि जिनं तिला थांबायला शिकवलं, ती तेव्हा एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून गोळ्यांची पाकिटं कापून देत होती.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. मानेचं रबर चिरलंय आणि नवा डमी मागवायला पैसे नाहीत. मला नवा हात नको, रंगरंगोटी नको. पुढच्या वेळी मोठी माणसं बोलणी करायला बसतील, करार करतील, तेव्हा त्यांच्यात तुमच्यापैकीही कुणी असेल. त्याला माझा एवढाच निरोप द्या. मला चुकीचं औषध दिलं तर ते स्पंजात मुरतं आणि संध्याकाळपर्यंत वाळून जातं. माझ्यावर कितीही चुका झाल्या तरी कुणाच्या घरी रडारड होत नाही. मला त्याचसाठी बनवलंय. एखादीला शिकायला सहा महिने जास्त लागले, तर ते तिला लागू द्या. तिचा हात जोवर थांबायला शिकत नाही, तोवर तिला माझ्याच खाटेपाशी उभी ठेवा. कारण इथून ती बाहेर पडली की पुढच्या खाटेवर तुमची आई असेल.